हिरवंगार वांगं एका दुपारीत मान टाकतं, स्युडोमोनास घालूनही: काय तपासायचं, काय बदलायचं

तक्रार दरवर्षी साधारण एकाच साच्याची असते. गच्चीवरच्या ग्रो बॅगेत किंवा वसई-विरारकडच्या परसात वांगी, टोमॅटो, मिरची फुलावर आलेली. पाऊस दोन दिवस उघडतो, कडक ऊन पडतं आणि भर दुपारी एक झाड मान टाकतं. पान पिवळं नाही, डाग नाही, कीड नाही. संध्याकाळी ते थोडं सावरतं, म्हणून लोक पाणी वाढवतात. दोन-चार दिवसांत झाड हिरवं असतानाच संपतं आणि मग शेजारच्याची पाळी येते. कृषी सेवा केंद्रातून स्युडोमोनास या उपयुक्त जिवाणूची पावडर आणून ओतली, आठवड्याने पुन्हा ओतली, काडीचा फरक नाही. पुढच्या वर्षी त्याच मातीत तेच.

पावडर बोगस होती, असा निष्कर्ष लगेच निघतो. कधी कधी ती असतेही. पण बहुतेक वेळा चूक वापरात असते: हे जिवाणू झाड आजारी पडल्यावर द्यायचं औषध म्हणून वापरले जातात, आणि ते काम त्यांना जमत नाही. त्यांचं काम रोपाच्या मुळावर रोगाच्या आधी वस्ती करण्याचं आहे. हे एकदा ध्यानात आलं की खालचं बरंचसं आपोआप जुळत जातं.

आधी रोग नक्की करा

मर, म्हणजे झाड असं सुकून मरण्याचा रोग, सगळीकडे सारखी नसते, आणि चुकीच्या मरीवर कितीही जिवाणू ओतले तरी उपयोग शून्य. जिवाणूजन्य मर रालस्टोनिया नावाच्या मातीतल्या जिवाणूमुळे होते. दोनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींना तो लागतो. टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी मिरची, बटाटा, आलं ही आपल्या ओळखीची. बांधावर उगवणारी कामोणीसुद्धा त्यात आली, म्हणून कुंडीत आपोआप आलेलं कामोणीचं रोप कौतुकाने वाढवू नका.

घरच्या घरी खात्री करायची पद्धत सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. आजच मान टाकलेलं, अजून हिरवं असलेलं झाड घ्या. पूर्ण वाळलेल्या झाडावर ही चाचणी फसवते. जमिनीच्या लगेच वरचा पाच-सात सेंटिमीटरचा खोडाचा तुकडा धारदार पात्याने स्वच्छ कापा. काचेच्या पेल्यात गाळलेलं स्वच्छ पाणी भरा. तुकडा कपड्याच्या चिमट्याने पेल्याच्या काठाला असा लटकवा की खालचा कापलेला भाग पाण्यात सेंटिमीटरभर बुडेल. पेल्यामागे काळा कागद धरा आणि पेला अजिबात हलवू नका. रालस्टोनिया असेल तर साधारण पाच मिनिटांच्या आत कापाच्या कडेवरून दुधासारखे पांढरे, बारीक धागे सरळ खाली उतरताना दिसतात. थोड्या वेळाने पेल्याचं पाणी गढूळ होतं. ते धागे म्हणजे खोडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत साठलेले जिवाणू आणि त्यांनी तयार केलेला चिकट पदार्थ. त्याच चिकटीने नळ्या तुंबतात. माती ओली असूनही झाड तहानेने मरतं ते यामुळेच, आणि पाणी वाढवून काही होत नाही तेही यामुळेच.

धागे आले नाहीत तर इतर शक्यता बघा. पानं खालून वर पिवळी पडत, बरेचदा झाडाच्या एकाच बाजूने सुकत गेली असतील तर बुरशीची मर, म्हणजे फ्युजेरियम. बुंध्याशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियमची खोडकूज. वांग्याचा फक्त शेंडा लोंबत असेल आणि त्यात भोक व विष्ठा दिसत असेल तर शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. मुळं उपटल्यावर माळेसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. या शेवटच्या पाहुण्याकडे दुर्लक्ष करू नका: सूत्रकृमी मुळाला जखमा करतात आणि रालस्टोनिया त्याच जखमांतून आत शिरतो. दोन्ही एकत्र असतील तर नुसत्या जिवाणूंवर भिस्त ठेवून भागत नाही, निंबोळी पेंड लागतेच.

उशीर झाला की उशीरच

रालस्टोनिया मुळाच्या जखमेतून किंवा उपमुळं फुटतात त्या नैसर्गिक फटीतून आत जातो. एकदा तो नळ्यांत पोहोचला की बाहेर मातीत ओतलेला स्युडोमोनास त्याच्यापर्यंत जात नाही. म्हणून मान टाकलेल्या झाडाला पावडर देणं थांबवा. ते झाड गेलं. पावडर वाचवा, शेजारच्या निरोगी झाडांना द्या.

मुळाच्या पृष्ठभागावर मात्र चित्र वेगळं आहे. मूळ सतत साखर, आम्लं, अमिनो आम्लं बाहेर झिरपवतं आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंची तिथे झुंबड असते. चर्चगेटला गाडी लागायच्या आधी रुमाल टाकून जागा धरावी, तसा उपयुक्त जिवाणू तिथे आधी बसला की मागून येणाऱ्याला जागाही कमी आणि खायलाही कमी. स्युडोमोनास फ्लुरोसन्स शिवाय सिडेरोफोर नावाचे रेणू सोडून आजूबाजूचं लोह आपल्याकडे ओढून घेतो. त्याचे काही वाण प्रतिजैविकंही तयार करतात. बॅसिलस सबटिलिस हा दुसरा उपयुक्त जिवाणू सर्फॅक्टिन, इट्युरिन, फेंजायसिन असे रोगजंतूंना रोखणारे पदार्थ बनवतो. दोघांमुळेही झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा आधीच सावध होते. हे सगळं होण्यासाठी संख्या मात्र पुरेशी लागते, आणि नेमकी तिथेच आकडेमोड कोणी करत नाही.

ती करून बघा. चांगल्या पावडरीत एका ग्रॅमला १० कोटी जिवंत पेशी असतात. पाकिटावर ते ‘१ × १०⁸ सीएफयू’ असं छापलेलं असतं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम घातले तर एका मिलिलिटरमध्ये १० लाख पेशी. या पाण्यातलं २०० मिलि तुम्ही १० किलो मातीच्या कुंडीत ओतलं, तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला जेमतेम २० हजार येतात, तेही सगळ्या जगल्या तर. स्युडोमोनासवरच्या गव्हाच्या मूळरोगांच्या अभ्यासातून पुढे आलेला उंबरठा एक ग्रॅम मुळामागे साधारण १ लाख पेशींचा आहे. पाकीट उन्हात राहून त्यातले शंभरातले नव्व्याण्णव मेले असतील तर मातीच्या ग्रॅममागे २०० उरले. एवढ्याशा संख्येवर रोग अडत नाही. उलट तेच १० ग्रॅमचं पाणी लावणीआधी रोपाच्या मुळांना अर्धा तास लावलं तर पेशी थेट जिथे हव्यात तिथे बसतात. लावणीच्या दिवशी मुळं बुडवणं आणि महिनाभराने कुंडीत तांब्याने ओतणं यात एवढा फरक पडतो तो याच हिशेबाने.

पावडर कुठे मरते

पहिली जागा दुकान आणि वाहतूक. स्युडोमोनास बीजाणू तयार करत नाही. शंखजिऱ्याच्या पावडरीत तो तग धरून असतो इतकंच, आणि ४१ अंशांच्या वर तर तो वाढतच नाही. पाकिटाची मुदत सहा महिने-वर्ष अशी काहीही छापलेली असो, तीन महिन्यांच्या आतली बॅच घ्या. ऑनलाइन मागवलेलं पाकीट मे महिन्यात डिलिव्हरीच्या बंद गाडीत फिरून आलं असेल तर त्यात किती जीव उरला हे देवच जाणे. उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, सीएफयूचा आकडा आणि केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, या चारपैकी एक जरी नसेल तर पाकीट परत ठेवा. दुकानदाराने ते शेल्फवर खतांच्या गोण्यांशेजारी, पत्र्याच्या छपराखाली ठेवलेलं दिसलं तरीही. घरी आणल्यावर सावलीत, कोरड्या, शक्य तितक्या थंड जागी ठेवा. फोडलेलं पाकीट घट्ट बंद करून दोन-तीन आठवड्यांत संपवा.

बॅसिलसचं तसं नाही. तो बीजाणू करतो, आणि प्रयोगशाळेत बीजाणू वेगळे काढायचे तर नमुना ८० अंशांवर दहा मिनिटं तापवतात. बाकीचे मरतात, बीजाणू टिकतात. म्हणून मुंबईच्या गच्चीसाठी दोघांतलं एकच घ्यायचं असेल तर आमचं मत बॅसिलसच्या बाजूने. स्युडोमोनास मुळावर झपाट्याने पसरतो हे खरं, पण तो पावसाळ्यात आणि थंडीत शोभतो. एप्रिल-मेच्या स्लॅबवर काळ्या ग्रो बॅगेची माती कडेला ४० अंशांच्या पुढे सहज जाते. तिथे त्याला ओतणं म्हणजे भट्टीत ओतणं.

दुसरी जागा तुमचाच फवारणी पंप. आदल्या आठवड्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारलं, पंप नुसता विसळला आणि त्यातच स्युडोमोनास कालवला. तांबं जिवाणू मारतं. चांगला-वाईट हा भेद ते करत नाही. स्ट्रेप्टोसायक्लिन (स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचं मिश्रण) तर प्रतिजैविकच, म्हणजे आपल्या जिवाणूंचा थेट काळ. ‘एकाच फेरीत दोन्ही देऊ, दुप्पट फायदा’ हा हिशेब इथे उलटा पडतो. दोन्ही गोष्टी वापरायच्याच असतील तर तांब्यानंतर निदान १०-१२ दिवस थांबा, आणि जिवाणूंसाठी वेगळा झारा, वेगळी बादली ठेवा. प्रतिजैविकांचा विचार सोडूनच दिलेला बरा. मातीतल्या जिवाणूंमध्ये त्यांना न जुमानणारे वाण तयार होतात, आणि केंद्र सरकारने २०२१ मध्ये शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला तो याच काळजीपोटी.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा बाऊ मात्र थोडा जास्तच होतो. महापालिकेच्या पाण्यात नळापर्यंत उरणारा क्लोरीन अगदी थोडा असतो, आणि पावडर पाण्यात पडताच तिच्यातले सेंद्रिय घटक त्यातला बराचसा संपवून टाकतात. तरी बादली रात्रभर उघडी ठेवा, किंवा घाई असेल तर मूठभर गांडूळखत पाण्यात ढवळून दहा मिनिटं थांबा आणि फडक्यातून गाळा. सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग टाकलं असेल तो दिवस आणि दुसरा दिवस मात्र सोडाच. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तम.

तिसरी जागा माती स्वतः. नर्सरीतून आणतो ती लाल माती जांभ्याची असते. कोकणातल्या धो-धो पावसाने तिच्यातलं कॅल्शियम वाहून गेलेलं असतं, म्हणून ती आम्लधर्मी असते. अशा मातीत रालस्टोनियाचं फावतं. दुसऱ्या टोकाला नुसतं कोकोपीट: स्वच्छ, हलकं, पण जिवाणूंना खायला फारसं काही नाही. दोन्हीकडे उपयुक्त जिवाणू ओतले तर काही दिवसांत संख्या कोसळते. त्यांना खायला कुजलेलं खत लागतं.

लावणीचं वेळापत्रक, मागून पुढे

लावणीच्या तीन आठवडे आधी मातीचा सामू (पीएच) बघा. स्वस्त पट्ट्यांवर अंदाज येतो. नीट आकडा हवा असेल तर माती परीक्षण करून घ्या. पालघरच्या बाजूचे लोक कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करू शकतात. सामू ६ च्या खाली असेल तर एक किलो मातीला १ ते २ ग्रॅम कृषी चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची पूड. वीस किलोच्या बॅगेला २० ते ४० ग्रॅम. पानाला लावतात तो भिजवलेला चुना जास्त तीव्र असतो, तो घ्यायचा तर पाऊण पट घ्या. माती ओलसर करून कालवा आणि पडू द्या. चुना आणि जिवाणू एकाच दिवशी घालू नका. याच वेळी एका बॅगेला मूठभर निंबोळी पेंड मिसळा, म्हणजे लावणीपर्यंत ती कुजून तिची धग जाईल.

लावणीच्या दहा दिवस आधी खतात जिवाणू वाढवा. पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ५ किलो, पावडर ५० ग्रॅम. खताची ओल अशी हवी की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. पावडर थोड्या पाण्यात कालवून खतावर शिंपडा, उलटंपालटं करा, ढीग सावलीत ठेवा आणि वर ओलं पोतं टाका. दर दोन-तीन दिवसांनी हलवा; सुकत असेल तर पाणी शिंपडा. ढीग हाताला गरम लागला तर खत कच्चं होतं, आणि त्या उष्णतेत स्युडोमोनास टिकणार नाही. तो पसरून थंड करा आणि पुढच्या वेळी आधी कुजलेलं खत शोधा. अमोनियाचा किंवा सडका वास आला तरी तेच. सातव्या ते दहाव्या दिवशी हे खत वापरायला तयार. एका मोठ्या बॅगेत अर्धा ते एक किलो, मुळं बसणार त्या भागात, वरच्या थरात नुसतं भुरभुरवू नका.

इथे एक पळवाट फार लोकप्रिय आहे: पिंपात गूळपाणी करून त्यात पाकीट ओतायचं आणि आठवडाभर ‘वाढवायचं’. हे करू नका. उघड्या गूळपाण्यात काय वाढतं यावर तुमचा ताबा नसतो. स्युडोमोनासच्या कुळातला एरुजिनोसा हा माणसाला त्रास देणारा भाऊबंदही त्यात सुखाने वाढू शकतो. कालवलेलं पाणी दोन-तीन तासांत संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. पावडर हाताळताना हातमोजे आणि साधा मास्क लावा. घरात कोणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी असेल तर त्या व्यक्तीने हे काम करू नये.

बी घरीच टाकत असाल तर बीजप्रक्रिया करा. किलोला १० ग्रॅम हे प्रमाण. गच्चीवरच्या चिमूटभर बियांना अर्धा चमचा पावडर आणि थोडं पाणी पुरतं. बियांवर पातळ लेप बसला की सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बियांना आधीच रंगीत बुरशीनाशक लावलेलं असलं तरी यात सहसा मोठी अडचण नाही, पण त्यात तांबं किंवा प्रतिजैविक नाही ना एवढं पाकिटावर वाचा.

लावणीच्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर: एक लिटर पाण्यात १० ग्रॅम पावडर. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. शंखजिरं तळाशी बसतं, म्हणून सारखं ढवळत राहा. प्रो-ट्रेमधलं रोप मातीच्या गड्ड्यासकट २० ते ३० मिनिटं बुडवा. गड्डा झटकून मुळं उघडी करू नका. तुटलेलं प्रत्येक टोक रालस्टोनियासाठी दार आहे. त्याच कारणासाठी नंतर बुंध्याजवळ खुरपं घालू नका, तण हाताने उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा. लावून झालं की उरलेलं पाणी बुंध्याशीच ओता.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, पहिले दोन महिने, प्रत्येक झाडाला याच प्रमाणात कालवलेल्या पाण्याची २०० ते २५० मिलि आळवणी, म्हणजे बुंध्याशी ओतणं. माती आधी ओलसर असू द्या. कोरड्या मातीत पाणी फटींतून थेट तळाला जातं आणि भिजलेली पावडर ट्रेमध्ये सापडते. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशीही द्यायची असेल तर एकाच बादलीत कालवू नका. काही वाण एकमेकांना पटवून घेतात, काही नाही, आणि पाकिटावर ते लिहिलेलं नसतं. आठवड्याचं अंतर ठेवलं की वाद मिटला.

रोग लागून गेलेली माती

मेलेलं झाड ओढून काढू नका, मुळं तुटून मागे राहतात. बॅगेतली मुळांभोवतीची माती झाडासकट पिशवीत भरा आणि कचऱ्यात द्या. सोसायटीच्या कंपोस्ट पिंपात टाकायचा मोह होईल, पण छोट्या पिंपात सगळीकडे सारखी उष्णता तयार होत नाही आणि तिथून तयार होणारं खत पुन्हा सगळ्यांच्या कुंड्यांत जाणार. कात्री, पातं स्पिरिटने पुसा. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाणी: स्लॅबवर ओळीने ठेवलेल्या बॅगांचा निचरा एकाच उतारावरून वाहतो आणि वरच्या आजारी बॅगेतला जिवाणू खालच्या बॅगांच्या तळाच्या भोकांतून चढतो. रांगेत उताराच्या दिशेने एकामागून एक झाडं मरत गेली असतील तर कारण बहुधा हेच. बॅगा विटांवर उचला, खालच्या ताटल्या काढून टाका.

ती माती फेकायची नसेल तर मार्च-अखेर ते मे हा काळ आपल्याला मिळतो. माती ओलसर करून गच्चीवर १० ते १५ सेंटिमीटरच्या थरात पारदर्शक प्लास्टिकमध्ये पसरा. जाडी २५ ते ५० मायक्रॉन, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबलेल्या. काळं प्लास्टिक नको, ऊन आत जात नाही. चार ते सहा आठवडे, मध्ये एकदा उलटून. मुंबईचं ऊन दमट असल्याने विदर्भासारखी माती तापत नाही, म्हणून थर पातळ ठेवणं इथे जास्त महत्त्वाचं. थोडीच माती असेल तर वाफवणं खात्रीचं: मातीच्या मध्यभागी ८० अंश, अर्धा तास.

आणि मग बरेच जण थांबतात, तिथेच पुढचा घोळ होतो. तापवलेल्या मातीत शत्रूंबरोबर स्पर्धकही मेलेले असतात. त्या रिकाम्या जागेत जो आधी पोहोचेल तो भरमसाठ वाढतो, आणि नर्सरीतून आणलेल्या एका रोगट रोपाबरोबर रालस्टोनिया आला तर तोच. माती थंड झाली की त्याच आठवड्यात जिवाणू वाढवलेलं खत मिसळा. खरं तर उपयुक्त जिवाणू सगळ्यात चांगले बसतात ते याच वेळी.

हे काहीच शक्य नसेल तर त्या मातीत दोन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आलं, भुईमूग नको. मका, कांदापात, लसूण, चवळी, भेंडी लावा. जिवाणू त्याने झटकन नाहीसा होत नाही, पण त्याची संख्या घटते, आणि संख्या कमी असेल तिथेच आपल्या जिवाणूंचा निभाव लागतो. भरपूर रोग असलेल्या मातीत नुसत्या पावडरीने पीक वाचेल असं कोणी सांगितलं तर तो पावडर विकतो आहे असं समजा.

महिना आणि वाण

रालस्टोनियाला ओली माती आणि २८ ते ३५ अंश तापमान सगळ्यात मानवतं. म्हणजे मुंबईचा जून ते ऑक्टोबर, आणि त्यातही ऑक्टोबरचा चटका. टोमॅटोची रोपं सप्टेंबर-अखेरीस ट्रेमध्ये टाकून नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावली की पीक डिसेंबर-जानेवारीच्या थंड मातीत उभं राहतं, आणि रोगाचा जोर निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. पावसाळ्यात वांगी-मिरची हवीच असतील तर जागा उंच, निचरा मोकळा आणि वाण सहनशील हवा.

वाणाबाबत कंजूषी करू नका. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ टोमॅटो जिवाणूजन्य मरीला सहनशील आहे. वांग्यात ‘अर्का केशव’, ‘अर्का निधी’, ‘अर्का नीलकंठ’. आपल्यासारखीच जांभी माती आणि तसाच पाऊस असलेल्या केरळच्या कृषी विद्यापीठाचे ‘शक्ती’, ‘मुक्ती’, ‘अनघा’ टोमॅटो, ‘सूर्या’, ‘श्वेता’, ‘हरिता’ वांगी आणि ‘उज्ज्वला’, ‘अनुग्रह’ मिरची मुद्दाम मरीसाठीच निवडलेली आहेत, म्हणून कोकणपट्टीत ती करून बघण्यासारखी. कलमी रोपं मिळत असतील तर रानवांग्याच्या खुंटावरचा टोमॅटो हा आणखी खात्रीचा मार्ग. फक्त कलमाचा जोड मातीखाली गाडू नका, नाहीतर वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा फायदा जातो. सहनशील वाण किंवा कलमी रोप, थोडा चुना, निचरा आणि लावणीच्या दिवशी जिवाणू, असं मिळून केलं तर पावडरीचा परिणाम डोळ्यांना दिसतो. एकट्या पावडरीचा बरेचदा दिसत नाही.

पानांवरचे डाग आणि गुलाबाच्या गाठी

मिरची-टोमॅटोच्या पानांवर तेलकट, पाणथळ डाग पडून मग तपकिरी होतात, तो झॅन्थोमोनास नावाचा जिवाणू. इथे मुळाशी आळवणी करून झाडाची तयारी वाढते खरी, पण फवारणीही लागते: लिटरला ५ ग्रॅम, फडक्यातून दोनदा गाळून, नाहीतर नोझल तुंबतं. संध्याकाळीच, पानांच्या खालच्या बाजूनेही, डाग दिसायच्या आधीपासून दर दहा दिवसांनी. पानावर ऊन आणि कोरडेपणा जिवाणूंना झपाट्याने मारतो आणि पावसाची एक सर त्यांना धुऊन नेते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या गच्चीवर ही फवारणी बरीचशी पाण्यात जाते. तेव्हा डागाळलेली पानं काढणं, झाडांत अंतर ठेवणं आणि पाणी पानांवर न घालणं याचाच जास्त उपयोग.

गुलाबाच्या बुंध्याशी किंवा कलमाच्या जोडावर खडबडीत, लाकडी गाठ येते ती ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूमुळे. चांगल्या जिवाणूने वाईट जिवाणूला रोखल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण याच रोगाचं आहे. ऑस्ट्रेलियात ॲलन केर यांनी शोधलेला, रोग न करणारा के-८४ हा ॲग्रोबॅक्टेरियम १९७० च्या दशकात तिथल्या बागायतदारांनी वापरायला सुरुवात केली. तो अ‍ॅग्रोसिन-८४ नावाचं प्रतिजैविक सोडतो. वापर एकच: बी, काडी किंवा रोपाची मुळं लावणीआधी त्यात बुडवायची. आधीच आलेल्या गाठीवर त्याचा परिणाम होत नाही, कारण तोवर रोगजिवाणूने आपले जनुक झाडाच्या पेशींत सोडलेले असतात आणि जिवाणू मेला तरी गाठ वाढत राहते. म्हणून गाठ असलेलं गुलाबाचं कलम नर्सरीतच परत ठेवा. घरात आलं असेल तर मातीसकट काढा आणि त्या कुंडीत वर्षभर गुलाब, जास्वंद यांच्याऐवजी कांदापात किंवा गवती चहा लावा.